सिम्युलेटरमधील आणीबाणी : नव्या वैमानिकांच्या संकटप्रशिक्षणाचा आढावा

विमान कंपनीत नव्याने रुजू झालेला वैमानिक प्रवाशांना घेऊन पहिल्यांदा उडतो, तोवर त्याचे इंजिन ऐन उड्डाणात अनेकदा बंद पडून गेलेले असते. कॉकपिटमध्ये धूर भरलेला असतो, केबिनमधील हवेचा दाब एकाएकी उतरलेला असतो, शेजारच्या खुर्चीतील कॅप्टन बेशुद्ध पडलेला असतो. हे सारे घडते जमिनीवर, सहा यांत्रिक पायांवर उभ्या असलेल्या एका बंद खोलीत. तिचे नाव फुल फ्लाइट सिम्युलेटर. वैमानिकांच्या बोलण्यात नुसते ‘सिम’. आजची जेट इंजिने इतकी भरवशाची आहेत की वीस हजार तास उडूनही एकही इंजिन बंद न पडता निवृत्त होणारे वैमानिक पुष्कळ आहेत. म्हणजे ज्या प्रसंगाची सर्वांत जास्त तयारी करून घ्यायची तो बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही, आणि ज्यांच्या वाट्याला येतो त्यांना तो अचानक, एकदाच आणि पहिल्या प्रयत्नात निभवावा लागतो. हे प्रशिक्षण कसे घडत गेले, नवख्या वैमानिकाला त्यात काय शिकवले जाते आणि कोणती गोष्ट या यंत्राला अजून नीट शिकवता आलेली नाही, याचा हा आढावा.

एके काळी ही संकटे खऱ्या विमानातच उभी केली जात. रिकामे विमान घेऊन प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक उडत, आणि विमान जमीन सोडत असतानाच प्रशिक्षक एका इंजिनाचा जोर काढून घेई. चूक झाली तर सावरायला उंचीही नसे आणि वेळही. ३० मार्च १९६७ रोजी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे डेल्टा एअरलाइन्सचे डीसी-८ विमान चारपैकी दोन इंजिने बंद असल्याचा सराव करत उतरताना कोसळले. विमानातील सहा आणि जमिनीवरील तेरा जण मरण पावले; जमिनीवरच्या मृतांत विमानतळाजवळच्या मोटेलमध्ये उतरलेल्या, सहलीला आलेल्या शाळकरी मुली होत्या. भारतातही असा अपघात झाला आहे. ८ मार्च १९९४ रोजी दिल्लीच्या विमानतळावर सहारा एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान नव्या वैमानिकांच्या सरावासाठी फेऱ्या मारत होते. इंजिन बंद पडल्याच्या सरावात शिकाऊ वैमानिकाने चुकीच्या बाजूचा रडर दाबला. विमान उलटून खाली आले आणि तळावर उभ्या असलेल्या एरोफ्लोतच्या विमानावर आदळले. नऊ जणांचा जीव गेला. आज सिम्युलेटरमध्ये अशी चूक झाली तर पडदा गोठतो, प्रशिक्षक कारण समजावतो आणि दोन मिनिटांत विमान पुन्हा धावपट्टीच्या टोकाला उभे असते. या प्रशिक्षणाच्या मर्यादांविषयी पुढे जे म्हटले आहे ते या मोठ्या लाभाला जराही उणेपणा आणत नाही.

यंत्राचा इतिहास एका वाद्यनिर्मात्याच्या कारखान्यात सुरू होतो. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमधील भाते आणि हवेचे पंप वापरून लिंकने १९२९ मध्ये एक छोटे खोटे विमान तयार केले. ते जागच्या जागी वळे, झुके, कलंडे. सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांत. १९३४ मध्ये अमेरिकी सरकारने टपाल वाहून नेण्याचे काम लष्करी विमानदलाकडे सोपवले. ढगात आणि धुक्यात केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचा सराव नसलेले वैमानिक काही आठवड्यांतच एकामागून एक मरू लागले, आणि त्याच वर्षी लष्कराने सहा लिंक ट्रेनर विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धात असे दहा हजारांवर ट्रेनर वापरात होते. विशिष्ट विमानाची हुबेहूब नक्कल मात्र युद्धानंतर आली : १९४८ मध्ये कर्टिस-राइट कंपनीने पॅन अमेरिकन कंपनीसाठी स्ट्रॅटोक्रूझर विमानाचा सिम्युलेटर बनवला. तो हलत नसे आणि त्याच्या काचेबाहेर काही दिसत नसे. पण आतली प्रत्येक कळ, प्रत्येक काटा खऱ्या विमानासारखा चाले. पुढे सहा पायांचा हलता मंच आला, संगणकाने रंगवलेले दृश्य आले. १९८० मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने सिम्युलेटरचे टप्पे ठरवून दिले, आणि त्यांतून अनुभवी वैमानिकाला नव्या प्रकारच्या विमानाचे सारे प्रशिक्षण सिम्युलेटरवरच पुरे करता येईल अशी वाट खुली झाली.

आजच्या सर्वोच्च दर्जाच्या, म्हणजे ‘लेव्हल डी’ सिम्युलेटरमध्ये कॉकपिट खऱ्या विमानाचेच असते. बाहेरचे दृश्य मोठ्या वक्र आरशावरून परावर्तित होऊन दोन्ही वैमानिकांना दूर क्षितिजावर असल्यासारखे दिसते. मंच मात्र फसवणुकीवर चालतो. त्याच्या पायांची हालचाल दीड-दोन मीटरपलीकडे जात नाही. म्हणून वेग वाढत असल्याचा भास द्यायचा तर तो आधी पुढे किंचित झटका देतो आणि मग सबंध खोली मागे कलवतो, की पाठ खुर्चीत दाबली जावी. नंतर मंच इतका हळू मूळ जागी येतो की आतल्या कानाला ते कळत नाही. धक्का, थरथर, धावपट्टीवरचे सांधे, गारांचा आवाज हे सारे त्याला छान जमते. दीर्घकाळ टिकणारे गुरुत्वबल मात्र तो देऊ शकत नाही, आणि ही उणीव पुढे महत्त्वाची ठरते. मागच्या खुर्चीत प्रशिक्षक बसतो. त्याच्या पडद्यावर बिघाडांची शेकड्यांनी भरलेली यादी असते. बोटाच्या स्पर्शाने तो पक्ष्यांचा थवा इंजिनात घालू शकतो, वारा फिरवू शकतो, धावपट्टीवर धुके आणू शकतो.

या खोलीत येणारा नवखा वैमानिक कुठून आलेला असतो हे पाहायला हवे. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. ते गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेत, बारामतीत, रायबरेलीजवळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीत किंवा परदेशात पुरे केलेले असते, आणि त्यातला बहुतांश भाग एका इंजिनाच्या छोट्या विमानात, एकट्याने किंवा प्रशिक्षकासोबत गेलेला असतो. एक टनाच्या आसपास वजनाच्या सेसनातून तो थेट ए-३२० सारख्या, पूर्ण भरल्यावर पंचाहत्तर टनांहून जड होणाऱ्या विमानाकडे येतो. विशिष्ट विमान चालवण्याच्या या पात्रतेला टाइप रेटिंग म्हणतात. आधी वर्गात आणि संगणकावर विमानाच्या प्रणालींचा अभ्यास होतो, मग न हलणाऱ्या साध्या साधनावर कळा, क्रम आणि चेकलिस्ट अंगवळणी पडतात. वसतिगृहाच्या भिंतीवर कॉकपिटचे मोठे चित्र चिकटवून रात्री त्यावर हात फिरवत बसणारी मुलेमुली या व्यवसायात नेहमीच दिसतात, आणि त्या सरावाचे मोल फार आहे. त्यानंतर सिमची सत्रे येतात. सत्र साधारण चार तासांचे असते; दोन शिकाऊ जोडीने बसतात आणि अर्ध्या वेळेला एक विमान चालवतो, दुसरा त्याला साथ देतो. यंत्र महाग असल्यामुळे ते रात्रंदिवस चालते, आणि मध्यरात्रीनंतरचे सत्र वाट्याला येणे ही रोजचीच गोष्ट असते. शेवटी परीक्षा होते, मग खऱ्या रिकाम्या विमानात काही उड्डाणे व अवतरणे, आणि मग प्रवाशांसह प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून शिकणे.

या सगळ्या अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे उड्डाणाच्या वेळी इंजिन बंद पडणे. धावपट्टीवर धावताना एक वेग असा येतो की त्यानंतर थांबण्याइतकी धावपट्टी उरेलच असे नाही. त्याला ‘व्ही-वन’ म्हणतात. विमानाचे वजन, धावपट्टीची लांबी, तापमान, वारा यांवरून तो दर उड्डाणाला काढला जातो. त्या वेगापर्यंत कॅप्टनचा हात थ्रस्ट लिव्हरवर असतो. ‘व्ही-वन’ अशी हाक आली की तो काढून घेतला जातो, म्हणजे आता थांबण्याचा विचार संपला. नेमक्या त्यानंतरच्या क्षणी प्रशिक्षक इंजिन बंद करतो. नाक बंद इंजिनाच्या बाजूला फेकले जाते. चालू इंजिनाच्या बाजूचे पेडल दाबून ते सरळ ठेवायचे असते, तेही जितके लागेल तितकेच. मग ठरलेल्या वेगाला नाक उचलायचे, सावकाश, कारण एका इंजिनावर नाक जास्त वर गेले तर वेग हातचा जातो. चाके आत घ्यायची, आणि त्यानंतर सुमारे ४०० फूट उंची गाठेपर्यंत बिघाडाला हात लावायचा नाही.

हा शेवटचा नियम नवख्यांना सर्वांत अवघड जातो. लाल दिवा लागलेला, घंटा वाजत असलेली, आणि काही करायचे नाही. पण जुन्या अपघातांनी शिकवलेले शहाणपण त्यातच आहे. ८ जानेवारी १९८९ रोजी ब्रिटिश मिडलंडच्या बोइंग ७३७-४०० विमानाचे एक इंजिन बिघडले, वैमानिकांनी घाईत दुसरे, धडधाकट इंजिन बंद केले, आणि केगवर्थ गावाजवळ विमान पडून ४७ जण मरण पावले. विमानाची ही आवृत्ती नवी होती आणि तिचा सिम्युलेटर तेव्हा ब्रिटनमध्ये नव्हता. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानात तेच पुन्हा घडले : उड्डाणानंतर एका इंजिनाचा जोर गेला, आणि कॅप्टनने चालू इंजिनाचा लिव्हर मागे ओढला. ५८ पैकी ४३ जण गेले. त्या कॅप्टनला नेमक्या याच प्रसंगाच्या सिम्युलेटर-चाचण्यांत पूर्वी अडचणी आल्याचे तपासात नोंदले गेले. म्हणून आज कोणतेही इंजिन बंद करण्याआधी एकाने लिव्हरवर हात ठेवून कोणते इंजिन ते मोठ्याने म्हणायचे आणि दुसऱ्याने डोळ्यांनी पाहून ‘कन्फर्म’ म्हटल्याशिवाय पुढे जायचे नाही, हे सिममध्ये इतक्या वेळा करून घेतात की ते न केल्यास चुकल्यासारखे वाटावे. हात बसतो तो इथे.

बाकीचे प्रसंग तुलनेने लवकर आटोपतात, तरी त्यांतील दोन-तीन वेगळे आहेत. एक म्हणजे केबिनचा दाब जाणे. ३५,००० फुटांवर प्राणवायूशिवाय माणूस अर्धा ते एक मिनिटच नीट विचार करू शकतो. त्यामुळे पहिले काम स्वतःच्या तोंडावर मुखवटा चढवणे आणि शेजाऱ्याशी बोलणे जमते आहे ना ते पाहणे. मग विमान झपाट्याने १०,००० फुटांपर्यंत उतरवणे. प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू साधारण बारा ते पंधरा मिनिटेच पुरतो. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसच्या हेलिओस कंपनीचे विमान वैमानिकांना दाबाचा इशारा ओळखता न आल्यामुळे आपोआप उडत राहिले आणि ग्रीसमध्ये पडले. १२१ जण दगावले. त्यात इशाऱ्याचा आवाजच दुसऱ्या एका इशाऱ्यासारखा होता, म्हणून आता सिममध्ये आवाजांची ओळखही पक्की करून घेतली जाते. दिल्ली–लेहसारख्या मार्गावर तर खाली डोंगर असल्यामुळे थेट १०,००० फुटांवर उतरताच येत नाही. कुठल्या खोऱ्यातून कुठे निघायचे ते आधीच ठरलेले असते आणि त्याचा सराव वेगळा करावा लागतो.

दुसरा प्रसंग हवेतल्या टकरीच्या इशाऱ्याचा. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मरण पावले. त्यानंतर भारताने टक्कर टाळणारे टीकास यंत्र बंधनकारक केले. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगन येथे दोन विमानांत ते यंत्र होते. पण एका विमानाने यंत्राऐवजी नियंत्रकाचे ऐकले आणि ७१ जण गेले. तेव्हापासून नियम निःसंदिग्ध आहे : यंत्राने ‘चढ’ म्हटले तर चढायचे, नियंत्रक काहीही सांगो. नवख्या वैमानिकाने दोनशे तास नियंत्रकाचे ऐकण्याचेच वळण लावून घेतलेले असते. ते वळण काही सेकंदांसाठी बाजूला ठेवायला सिमच शिकवतो. उतरताना अचानक पालटणारा वारा, कॉकपिटमधला धूर, कॅप्टनचे अकस्मात अस्वास्थ्य, जमिनीवर थांबून विमान रिकामे करणे हेही त्याच यादीत येतात.

संकटातील बरेच अपघात यंत्र बिघडल्याने कमी आणि दोन माणसांमध्ये बोलणे न झाल्याने जास्त घडले आहेत. २८ डिसेंबर १९७८ रोजी पोर्टलंड येथे युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-८ विमान चाकांच्या बिघाडात गुंतून घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून पडले. इंधनाकडे पाहणाऱ्या सहकाऱ्यांनी सुचवले होते, पण ठासून सांगितले नाही. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि युनायटेडने १९८१ मध्ये सीआरएम, म्हणजे कॉकपिटमधील सर्व माणसांचा आणि साधनांचा नीट उपयोग करण्याचे शिक्षण सुरू केले. त्याच सुमारास सिममध्ये एकेक कसरत तोडून करण्याऐवजी एका शहराहून दुसऱ्या शहराला पूर्ण उड्डाण करायचे, मध्ये काय होणार हे न सांगता, आणि प्रशिक्षकाने तोंड उघडायचे नाही, अशी पद्धत रुळली. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेडच्याच डीसी-१० चे तिन्ही हायड्रॉलिक्स गेले, विमानाला सुकाणू उरले नाही. कॅप्टन अल हेन्स, त्यांचे दोन सहकारी आणि प्रवासी म्हणून बसलेला प्रशिक्षक वैमानिक डेनिस फिच यांनी केवळ इंजिनांचा जोर कमीजास्त करून ते आयोवातील सू सिटीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले. नंतर सिम्युलेटरवर तोच प्रसंग उभा केला तेव्हा असे विमान सुरक्षित उतरवण्याचे कौशल्य शिकवता येण्याजोगेच नाही, असा निष्कर्ष निघाला. हेन्स यांनी स्वतः श्रेय दिले ते सीआरएमच्या शिक्षणाला.

नव्या सहवैमानिकासाठी यातला सर्वांत कठीण धडा वरिष्ठाला अडवण्याचा आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूरच्या टेबलटॉप धावपट्टीवरून एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान दरीत कोसळून १५८ जणांनी प्राण गमावले. विमान फार उंचावरून आणि अस्थिर येत असताना सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याविषयी एकाहून अधिक वेळा सुचवले होते. कॅप्टनने उतरणे सोडले नाही. वयाला आणि हुद्द्याला मान देणाऱ्या आपल्या समाजात तेवीस वर्षांच्या मुलीने पन्नाशीच्या कॅप्टनला ‘गो अराउंड’ असे बजावणे, आणि ऐकले नाही तर नियंत्रण स्वतःकडे घेणे, हे पुस्तकातून येत नाही. त्यासाठी सिममध्ये प्रशिक्षकाला मुद्दाम चुकणारा कॅप्टन व्हावे लागते. हा सराव औपचारिकता म्हणून उरकला जाऊ नये.

आता मर्यादांकडे. २०१३ मध्ये स्टीफन कॅस्नर आणि सहकाऱ्यांनी अठरा वैमानिकांची बोइंग ७४७ च्या सिम्युलेटरवर पाहणी केली. स्टॉल (म्हणजे पंखांची उचल तुटणे), वाऱ्याचा पालट आणि उड्डाणातील इंजिन बिघाड हे प्रसंग प्रशिक्षणात येतात त्याच रीतीने आले तेव्हा सर्वांनी ते सफाईने हाताळले. तेच प्रसंग अनपेक्षित वळणाने आले तेव्हा प्रतिसादाला उशीर झाला आणि प्रत्येकाची कृती वेगळी झाली. काही वैमानिकांना काय घडते आहे हे ओळखायलाच वेळ लागला. म्हणजे सिममध्ये जे पक्के झाले होते त्यात प्रसंग हाताळणे होते, पण प्रसंग ओळखणे पुरेसे नव्हते. सत्राला जाण्याआधीच आज कोणते बिघाड येणार याची यादी शिकाऊंमध्ये फिरत असेल, तर हा दोष आणखी वाढतो. व्ही-वनला इंजिन जाणार हे माहीत असलेल्या पायाला भांबावण्याची सवयच लागत नाही.

भांबावणे म्हणजे काय हे १ जून २००९ च्या रात्री अटलांटिकवर दिसले. एअर फ्रान्सच्या ए-३३० विमानाच्या वेगमापक नळ्यांत बर्फ साठले, वेगाचे आकडे खोटे झाले, ऑटोपायलट सुटला. कॅप्टन विश्रांतीला गेलेले होते. खुर्चीतील सहवैमानिकाने नाक वर ओढले आणि ओढलेलेच ठेवले. स्टॉलचा इशारा वाजत राहिला आणि विमान ३८,००० फुटांवरून साडेतीन मिनिटांत समुद्रात पडले. २२८ जण मरण पावले. नळ्या काही वेळाने मोकळ्या झाल्या होत्या. इतक्या उंचीवर, खोट्या वेगासह, हाताने विमान चालवण्याचा सराव त्या सहवैमानिकांना मिळालेला नव्हता, असे फ्रेंच तपास संस्थेने नोंदले. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला अमेरिकेत बफलोजवळ कोल्गन एअरच्या कॅप्टनने स्टॉलच्या इशाऱ्यावर दांडा मागे ओढला आणि ५० जण गेले. तोवर सिममधला स्टॉलचा सराव इशारा वाजताच जोर वाढवून उंची न घालवता बाहेर पडण्याचा होता. उंची गमावू नये हा निकष गुण देण्यासाठी सोयीचा होता, पण तो मुळातच चुकीचा होता, कारण स्टॉलमधून सुटायचे तर आधी नाक खाली जायला हवे.

सिम्युलेटर चुकीचेही शिकवू शकतो. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या ए-३०० विमानाचे शेपूट तुटले आणि २६५ जण मरण पावले. पुढच्या विमानाच्या हवेच्या भोवऱ्यात सापडल्यावर सहवैमानिकाने रडर एका बाजूकडून दुसरीकडे जोराने वारंवार मारला होता. कंपनीच्या सिममधील एका कसरतीत भोवऱ्यामुळे विमान वास्तवात होत नाही इतके उलटे करून दाखवत, आणि त्यामुळे अशा प्रतिसादाला खतपाणी मिळाले असावे, असे तपासाने म्हटले. यंत्राची नक्कल मूळ उड्डाणांतून मोजलेल्या आकड्यांवर उभी असते. त्या आकड्यांच्या कक्षेबाहेर, खोल स्टॉलमध्ये किंवा उलट्या विमानात, ती अंदाजाने चालते. आणि पडद्यावर मात्र ती तितकीच खरी दिसते. बोइंग ७३७ मॅक्सच्या बाबतीत तर आधी सिमचे प्रशिक्षण लागणारच नाही असे ठरले होते. जुन्या ७३७ वरच्या वैमानिकाला संगणकावरचा छोटा पाठ पुरेल असे मानले गेले. २०१८ आणि २०१९ मधील दोन अपघातांत ३४६ जण गेल्यावर सिम सक्तीचे झाले. त्याच सुमारास हेही उघड झाले की मॅक्सच्या सिम्युलेटरमध्ये शेपटीचा कोन बदलण्यासाठी हाताने फिरवायच्या ट्रिमच्या चाकाला लागणारी ताकद खरी दाखवली जात नव्हती.

या धक्क्यांनंतर बदल झाले, आणि ते योग्य दिशेने आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, विमान विचित्र स्थितीत जाऊ न देण्याच्या आणि गेल्यास बाहेर काढण्याच्या प्रशिक्षणाची नियमपुस्तिका २०१४ मध्ये दिली. अमेरिकेने पूर्ण स्टॉलचा सराव २०१९ पासून सक्तीचा केला आणि त्यासाठी सिम्युलेटरच्या गणिती प्रतिकृतीही सुधारायला लावल्या. युरोपने एक पाऊल पुढे टाकून नव्या वैमानिकाला खऱ्या छोट्या विमानात किमान तीन तास अशा स्थितींचा अनुभव द्यायचे ठरवले, कारण शरीरावर दुप्पट भार आल्यावर हात कसा वागतो हे हलता मंच दाखवू शकत नाही. दुसरा, अधिक खोल बदल पुराव्यावर आधारित प्रशिक्षणाचा. आयकाओची त्यासंबंधीची पुस्तिका २०१३ ची. जुना अभ्यासक्रम पहिल्या पिढीतल्या जेट विमानांच्या अपघातांवरून ठरला होता, आणि म्हणून इंजिन बिघाडाला त्यात सर्वाधिक जागा होती. नव्या पद्धतीत हजारो उड्डाणांच्या नोंदींवरून आज खरोखर काय चुकते ते पाहतात, आणि वैमानिकाने कोणती कसरत केली यापेक्षा त्याने परिस्थिती कशी ओळखली, काम कसे वाटून घेतले, निर्णय कसा घेतला याकडे लक्ष देतात. अ‍ॅनेमरी लांडमन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले की ज्या वैमानिकांचा सराव बदलत्या आणि न सांगितलेल्या प्रसंगांत झाला, ते नव्या अनपेक्षित प्रसंगातही सरस ठरले. यादी पुरी करण्यापेक्षा कमी प्रसंग, पण वेगवेगळ्या वेषांत, हा त्याचा व्यवहारातील अर्थ.

भारतात नियम नागर विमानन महासंचालनालय ठरवते. नव्या वैमानिकाला टाइप रेटिंगनंतर सुटका नाही. दर सहा महिन्यांनी पीपीसी नावाची चाचणी द्यावी लागते आणि ती सिममध्ये होते. पूर्वी सिम्युलेटर मोजकेच होते : इंडियन एअरलाइन्सचे हैदराबाद येथील केंद्रीय प्रशिक्षण केंद्र आणि एअर इंडियाचे मुंबईतील. आता दिल्ली, गुरुग्राम, ग्रेटर नोएडा, बंगळूर, हैदराबाद येथे खासगी केंद्रे आहेत आणि विमानांच्या मोठ्या मागण्यांबरोबर त्यांची संख्या वाढते आहे. टाइप रेटिंगचा खर्च बहुधा शिकाऊलाच, म्हणजे प्रत्यक्षात त्याच्या पालकांना, उचलावा लागतो आणि तो लाखांच्या घरात जातो. याचा शिक्षणावर होणारा परिणाम दुर्लक्षिला जातो. कर्ज काढून आलेल्या मुलाला जादा सत्र म्हणजे जादा पैसे. त्यामुळे न समजलेली गोष्ट विचारण्यापेक्षा ती लपवून परीक्षा पास होण्याकडे कल राहतो. सिम म्हणजे परीक्षा हीच भावना पक्की होते. चांगले प्रशिक्षक म्हणून सत्रानंतरच्या चर्चेला सत्राइतकेच महत्त्व देतात : नोंद झालेली हालचाल पडद्यावर पुन्हा दाखवतात, आणि स्वतः सांगण्याआधी शिकाऊला विचारतात की त्या क्षणी त्याला काय दिसत होते, कोणता इशारा ऐकू आला नव्हता.

काही संकटांचा सराव सिमला आजही नीट जमत नाही. १५ जानेवारी २००९ रोजी दोन्ही इंजिने बंद पडून हडसन नदीत उतरलेल्या ए-३२० ची पाण्याला टेकण्याची घडी कोणत्याही सिममध्ये खरी उभी करता येत नव्हती, आणि दोन्ही इंजिने कमी उंचीवर जाण्याचा सराव तेव्हा दिलाही जात नसे. चेकलिस्टही जास्त उंचीसाठी लिहिलेली होती. नंतरच्या चाचण्यांत लगेच वळलेल्या वैमानिकांपैकी काहींना विमानतळ गाठता आला, पण परिस्थिती समजून घ्यायला ३५ सेकंद दिल्यावर तो गाठता आला नाही. सिम्युलेटरवरून माणसाला दोष देताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. आभासी वास्तवाचे चष्मे वापरणाऱ्या स्वस्त साधनांचे नवे पर्व सुरू झाले आहे. युरोपने २०२१ मध्ये असे पहिले साधन हेलिकॉप्टरसाठी मान्य केले. प्रवासी जेटसाठी दोन अडचणी आहेत. चष्मा घातलेल्या वैमानिकाला शेजाऱ्याचा चेहरा आणि स्वतःचा हात नीट दिसायला हवा, आणि कळांना खरी ताकद लागायला हवी. हे जमले तर महागड्या लेव्हल डी यंत्रातले तास कसरतींपेक्षा पूर्ण उड्डाणांच्या सरावासाठी मोकळे होतील, आणि क्रम पाठ करण्याचे काम चष्म्यावर, पूर्वी ते भिंतीवरच्या चित्रावर होई तसे, आधीच उरकून येता येईल.